कोर किती ते विचारा, कोर कसले तेही विचारा

दहावी-बारावीचे निकाल लागले, डिप्लोमाचे किंवा पदवीचे प्रवेश झाले, की घरोघरी एक नवा खर्च उभा राहतो. मुलामुलींना संगणक हवा असतो. ही आता चैन राहिलेली नाही. प्रवेशाचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रकल्पाचे लिखाण, टायपिंगचा सराव, सारे त्यावरच करावे लागते. मग आई भिशीचा नंबर लवकर मागून घेते, वडील ओव्हरटाइम करतात, नाहीतर पतपेढीचा उंबरा झिजवतात. पैसे जमले की सगळे मिळून दुकानात जातात. तेथे काउंटरवरचा मुलगा विचारतो, "आय-थ्री देऊ, आय-फाइव्ह देऊ की आय-सेव्हन? ड्युअल कोर चालेल की क्वाड कोर पाहिजे?" आईवडील मुलीकडे पाहतात आणि मुलगी दुकानदाराकडे पाहते. शेवटी तो जे पुढे सरकवील ते आपण घरी आणतो.

वाचक बंधू-भगिनींनो, कष्टाचा पैसा असा दुसऱ्याच्या बोलण्यावर खर्च होऊ नये, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे. विषय यंत्राचा असला तरी मुळात कामाच्या वाटणीचा आहे. ज्यांनी बांधकामावर, कारखान्यात किंवा गिरणीत दिवस काढले आहेत त्यांना तो समजायला मुळीच कठीण नाही.

कोर म्हणजे काम करणारा गडी

संगणकाच्या आत आगपेटीएवढा किंवा त्याहून थोडा मोठा एक चौकोनी तुकडा असतो. त्याला प्रोसेसर म्हणतात. बेरीज-वजाबाकी, तुलना, हे इथून उचल आणि तिथे ठेव, अशी लहान लहान कामे तो प्रचंड वेगाने करतो. आपण अक्षर टाइप करतो, चित्र पाहतो, गाणे ऐकतो, त्या सगळ्याच्या मागे हेच हिशेब चाललेले असतात. १९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ नावाचा प्रोसेसर विक्रीला आणला. तो एका जपानी कंपनीच्या हिशेबयंत्रासाठी बनवला होता आणि त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या प्रोसेसरमध्ये ते अब्जावधींनी असतात.

प्रोसेसरमध्ये प्रत्यक्ष हिशेब करणारा जो भाग असतो त्याला कोर, म्हणजे गाभा म्हणतात. आपण त्याला बांधकामावरचा गवंडी समजू. एक कोर म्हणजे एक गवंडी. त्याचा हात किती भरभर चालतो ते गिगाहर्ट्झ या मापात सांगतात. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. पण एका ठोक्यात कोण किती काम उरकतो हे गड्यागड्यावर अवलंबून असते. जुना गवंडी आणि नवा गवंडी दोघेही मिनिटाला तितक्याच वेळा थापी मारत असतील, पण एका थापीत कोणाची एक वीट बसते आणि कोणाच्या दोन. तसेच जुन्या कोरचे ३ गिगाहर्ट्झ आणि नव्या कोरचे ३ गिगाहर्ट्झ सारखे नसतात. ही पहिली गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी.

एकाचे अनेक का झाले?

पूर्वी घरगुती प्रोसेसरमध्ये एकच कोर असे. कंपन्यांची सारी धडपड त्याचा वेग वाढवण्याची होती. १९९३ साली पहिला पेंटियम आला तो ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा होता. २००० साली पेंटियम ४ सुमारे दीड गिगाहर्ट्झवर आला आणि २००४ च्या नोव्हेंबरपर्यंत ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला. तेथे मात्र गाडी अडली. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत इंटेलने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोडून दिला होता.

अडचण उष्णतेची होती. वेग वाढवायचा तर बहुधा विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि दाब दुप्पट केला की विजेचा खर्च दुप्पट नव्हे, चौपट होतो. खर्च झालेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते. तळहातापेक्षा लहान तुकड्यातून शंभर वॉटच्या जुन्या बल्बाहून जास्त उष्णता निघू लागली. एकाच गड्याला भर उन्हात आणखी भरभर पळवले तर तो भोवळ येऊन पडणार, हे मुकादमालाही कळते. तेव्हा कंपन्यांनी दुसरा मार्ग धरला. एकाला पळवण्याऐवजी दोघे कामाला लावायचे. आयबीएम कंपनीने २००१ साली मोठ्या संगणकांसाठी दोन कोर असलेला पॉवर-४ काढला होता. २००५ साली इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा ॲथलॉन ६४ एक्स-२ आले आणि दोन कोर घरगुती संगणकात शिरले. पुढच्या दोन वर्षांत चार कोरही आले.

दोन कोरवाल्याला ड्युअल कोर, चारवाल्याला क्वाड कोर, सहावाल्याला हेक्सा कोर आणि आठवाल्याला ऑक्टा कोर म्हणतात. नावे भारदस्त आहेत, पण अर्थ इतकाच की आत किती गवंडी आहेत.

चार गवंडी म्हणजे चौपट काम नव्हे

आता खरा मुद्दा. चार कोर असले म्हणजे संगणक एका कोरच्या चौपट वेगाने चालेल काय? नाही. भिंत बांधायची असेल तर चार गवंडी चार बाजूंनी लागतील आणि काम झपाट्याने उरकेल. पण स्लॅब टाकल्यावर तो सुकायला जे दिवस लागायचे ते लागतातच. तेथे चाळीस गवंडी आणून उभे केले तरी स्लॅब लवकर सुकत नाही.

जीन ॲम्डाल या अमेरिकन संगणक अभियंत्याने १९६७ साली हाच हिशेब मांडला. आपण तो बोटांवर करून पाहू. एक काम १० तासांचे आहे. त्यातले ५ तासांचे काम वाटून घेता येते, उरलेले ५ तासांचे एकामागून एकच करावे लागते. दोघे लावले तर ५ अधिक अडीच, म्हणजे साडेसात तास. चौघे लावले तर ५ अधिक सव्वा, म्हणजे सव्वासहा तास. शंभर गडी लावले तरी ५ तास ३ मिनिटे लागतील. शंभरपट गड्यांनी काम दुप्पटसुद्धा झाले नाही! उलट १० पैकी ९ तासांचे काम वाटता येत असेल तर चौघांना सव्वातीन तास लागतात आणि आठांना २ तास साडेसात मिनिटे. म्हणजे कोरचा फायदा किती, हे काम कसले आहे त्यावर ठरते.

पत्र टाइप करणे, फॉर्म भरणे, ऑटोकॅडमध्ये नकाशा काढणे ही बरीचशी एका गड्याची कामे आहेत. तेथे एकेका कोरचा जोर महत्त्वाचा. लग्नाच्या व्हिडिओचे संपादन करून अंतिम फाइल काढणे, त्रिमितीय चित्रे तयार करणे, मोठा प्रोग्रॅम बांधणे ही वाटून घेण्याजोगी कामे आहेत. तेथे जास्त कोर कामाला येतात. आपल्या मुलाला यातले कोणते काम करायचे आहे, हे दुकानदाराला ठाऊक नसते. ते आपल्याला ठाऊक असते, आणि म्हणून निर्णयही आपणच घ्यायला हवा.

एक गवंडी, दोन भिंती

दुकानात आणखी एक शब्द कानावर पडतो, थ्रेड. "चार कोर, आठ थ्रेड" असे सांगतात आणि गिऱ्हाइकाला वाटते की आठ कोर मिळाले. तसे नाही. गवंडी भिंत बांधत असतो, तेवढ्यात माल संपतो. घमेले येईपर्यंत त्याचे हात रिकामे. त्या वेळात शेजारच्या दुसऱ्या भिंतीच्या चार विटा त्याने लावल्या तर वेळ वाया जात नाही. थ्रेडचा अर्थ असा. गवंडी एकच, पण त्याच्यावर दोन भिंती सोपवलेल्या. इंटेलने २००२ साली याला हायपर-थ्रेडिंग असे नाव दिले. याने रिकामा वेळ कारणी लागतो, पण एका माणसाचे दोन होत नाहीत. काही कामांत चांगला फायदा दिसतो, काहींत जवळपास काहीच नाही. त्यामुळे चार कोर आठ थ्रेड आणि खरेखुरे आठ कोर यांत फरक आहे, हे विसरू नये.

माल लांबून आणावा लागतो म्हणून प्रत्येक गवंड्याजवळ थोडा साठा ठेवलेला असतो. प्रोसेसरमधल्या अशा जवळच्या साठ्याला कॅश म्हणतात. हा साठा मोठा असला की हात रिकामे राहण्याची वेळ कमी येते.

मोठे कोर, लहान कोर

पूर्वी एका प्रोसेसरमधले सगळे कोर सारखे असत. आता तसे राहिलेले नाही. २०११ साली एआरएम या ब्रिटिश कंपनीने मोठे आणि लहान कोर एकत्र बसवण्याची रचना मांडली आणि ती मोबाइलमध्ये रुळली. इंटेलने २०२१ साली आपल्या बाराव्या पिढीपासून ती घरगुती संगणकातही आणली. मोठा कोर जोरदार काम करतो पण वीज जास्त खातो. लहान कोर सावकाश काम करतो पण थोड्या विजेवर चालतो. लहान म्हणून त्याला कमी लेखू नये, बॅटरी दिवसभर टिकते ती त्याच्याच जिवावर. परंतु मोजताना दुकानदार दोघांची एकच बेरीज सांगतो, तेथे आपण सावध असावे.

उदाहरण घ्या. २०२२ सालचा इंटेलचा आय-५ १२३५यू हा दहा कोरचा आहे. त्यात मोठे कोर दोन आणि लहान आठ. त्याच वर्षीचा आय-७ १२५५यू पाहा. त्यातही मोठे दोन आणि लहान आठ. थ्रेड दोन्हींत बारा आणि कॅशही सारखीच. फरक आहे तो कमाल वेगाचा, ४.४ आणि ४.७ गिगाहर्ट्झचा. एवढ्याशा फरकासाठी कर्जाचा हप्ता वाढवायचा का, याचा विचार घरात बसून करावा.

मोबाइलची गोष्टही अशीच. २०१३ च्या अखेरीस मीडियाटेक कंपनीने आठ कोरचा एमटी ६५९२ काढला. त्यातले आठही कोर लहान जातीचे होते. उलट ॲपलच्या २०१४ सालच्या आयफोन ६ मध्ये कोर दोनच होते, पण ते जोरकस होते. २०१७ पासून ॲपलने आपल्या आयफोनमध्ये दोन मोठे आणि चार लहान असे सहा कोर ठेवले. स्वस्त फोनच्या खोक्यावर "ऑक्टा कोर" छापलेले दिसले म्हणून तो सहा कोरवाल्या महागड्या फोनला भारी ठरत नाही. चार तगड्या माणसांनी उचलायचा ओंडका आठ पोरांना उचलायला लावला तर काय होते, ते आपण जाणतोच.

कोर म्हणायचे तरी कशाला?

हा वाद अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला होता. एएमडी कंपनीने २०११ साली एफएक्स मालिकेतले बुलडोझर प्रोसेसर काढले आणि त्यांतले काही आठ कोरचे म्हणून विकले. त्यांची रचना अशी होती की दोन-दोन कोरची जोडी, आणि अपूर्णांकांचे मोठे हिशेब करणारा भाग प्रत्येक जोडीत सामायिक. दोन गवंडी आणि दोघांत मिळून एकच ओळंबा, असा तो प्रकार. ग्राहकांचे म्हणणे पडले की ओळंबा एकच असेल तर हे आठ गवंडी कसले? २०१५ साली कॅलिफोर्नियात दावा दाखल झाला. कंपनीने चूक मान्य केली नाही, परंतु २०१९ साली १ कोटी २१ लाख डॉलर देऊन तडजोड केली. सांगायचे एवढेच की "आठ कोर" या दोन शब्दांचा अर्थ काय, यावर शिकलेसवरलेले ग्राहक आणि मोठी कंपनी चार वर्षे भांडत होती. तेव्हा आपल्याला दुकानात हे विचारायला संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन

इंटेलने आय-७ हे नाव २००८ च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा आणले, पुढे आय-५ आणि आय-३ आले. पुष्कळांना वाटते आय-३ म्हणजे तीन कोर आणि आय-७ म्हणजे सात कोर. हा निव्वळ गैरसमज आहे. हा ३, ५, ७ चा आकडा कोरचा नव्हे. रेल्वेचा स्लीपर, थर्ड एसी, सेकंड एसी असतो, तशी ती केवळ वर्गवारी आहे. आणि ती वर्गवारी त्या त्या पिढीपुरती. पिढी बदलली की आदली तुलना निरुपयोगी होते.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. २०१६ सालचा आय-७ ७५००यू घ्या. नाव आय-७, पण कोर दोन आणि थ्रेड चार. पुढच्याच वर्षी, २०१७ साली आलेला आय-५ ८२५०यू चार कोर आणि आठ थ्रेडचा आहे. म्हणजे एका वर्षाने धाकटा असलेला आय-५ गड्यांच्या संख्येत आय-७ च्या दुप्पट! टेबलावर ठेवायच्या संगणकातही तेच झाले. २०१७ च्या सुरुवातीचा आय-३ ७१०० दोन कोरचा आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातला आय-३ ८१०० चार कोरचा. जुन्या मालाच्या बाजारात "आय-सेव्हन आहे, आय-सेव्हन" असे ओरडून जे विकले जाते, ते कोणत्या पिढीचे आहे हे पाहिल्याशिवाय खिशात हात घालू नये.

पिढी ओळखायची रीत सोपी आहे. आय-५ किंवा आय-३ च्या पुढे जो आकडा असतो तो वाचावा. ८२५० मधला पहिला ८, म्हणजे आठवी पिढी. ७५०० म्हणजे सातवी. आकडा १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक मिळून वाचावेत. १०२१० म्हणजे दहावी, ११३५ म्हणजे अकरावी, १२३५ म्हणजे बारावी. आय-५ ५२० असा नुसताच तीन अंकी आकडा असेल तर ती पहिली पिढी, अगदी जुनी. शेवटी जे अक्षर असते तेही बोलते. यू म्हणजे कमी विजेवर चालणारा. एच म्हणजे जड कामाचा, पण बॅटरी लवकर संपवणारा. टेबलावरच्या संगणकात शेवटी एफ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले नाही तर पडद्यावर काहीच उमटत नाही. स्वस्त म्हणून एफ घेऊन घरी आल्यावर पुन्हा दुकान गाठायची पाळी येते.

२०२३ च्या डिसेंबरपासून इंटेलने नव्या मालिकांत आय हे अक्षर गाळले आणि कोअर अल्ट्रा ५, कोअर अल्ट्रा ७ अशी नावे ठेवली. त्यातही नवा म्हणजे जास्त आकडा, असे काही नाही. कोअर अल्ट्रा ७ १५५एच मध्ये १६ कोर आणि २२ थ्रेड आहेत. त्यानंतर २०२४ साली आलेल्या कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही मध्ये आठ कोर आणि आठच थ्रेड आहेत. पहिला जड कामाचा, दुसरा वीज वाचवणारा. दोघांची कामे निरनिराळी.

एएमडीच्या रायझनमध्ये वेगळीच गंमत आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे जुळ्या भावंडांसारखी वाटतात. पण पहिल्यात चार कोर आणि आठ थ्रेड, दुसऱ्यात सहा कोर आणि बारा थ्रेड. पहिल्याची आतली रचना २०१९ सालची, दुसऱ्याची २०२० सालची. लॅपटॉपच्या ७००० मालिकेत तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो, तो जितका मोठा तितकी रचना नवी. एका अंकाने दोन कोरचा फरक पडतो, म्हणून पूर्ण नंबर वाचल्याशिवाय भाव करू नये.

मुकादमही पाहावा

गवंडी कितीही चांगले असले तरी काम वाटून देणारा मुकादम लागतो. संगणकात हे काम विंडोजसारखी प्रणाली करते. विंडोज १० चे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे तो दोन कोरचा आय-७ ७५००यू येथेही मागे पडतो आणि आय-५ ८२५०यू पुढे जातो. जुना संगणक घरात असेल तर तो फेकून देण्याची गरज नाही. उबुंटूसारखी मोफत प्रणाली टाकून तो लिहिण्या-वाचण्याच्या कामाला लावता येतो. पण नवा म्हणून पैसे मोजायचे असतील तर सातव्या पिढीपर्यंतचा माल घेण्यापूर्वी दहादा विचार करावा.

कोणाला किती पुरते?

टायपिंग, एमएस-सीआयटी, ऑनलाइन तास, अर्ज भरणे, एवढ्यासाठी चार चांगले कोर पुष्कळ झाले. दोन कोर आणि दोनच थ्रेड असलेला सेलेरॉन एन ४०२० सारखा प्रोसेसर मात्र अगदीच तोकडा पडतो. एकीकडे तास चालू आणि दुसरीकडे वही उघडली की तो धापा टाकतो. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना चार ते सहा कोर घ्यावेत. आय-३ १२१५यू मध्ये दोन मोठे, चार लहान असे सहा कोर आहेत. विद्यार्थ्याला तो आय-३ असूनही छान चालतो. व्हिडिओचा धंदा करणाऱ्या किंवा त्रिमितीय चित्रकला शिकणाऱ्या मुलांनीच आठ आणि त्याहून जास्त कोरचा विचार करावा.

आणि एक गोष्ट. जास्त कोरसाठी पैसे ओतून रॅम ४ जीबी आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क घेतली, तर सगळे मुसळ केरात. गवंडी दहा, पण विटा आणायला एकच खटारा, असे होते. चार कोर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी हा संगणक रोजच्या कामाला त्याहून किती तरी बरा चालतो.

चिठ्ठीवर लिहून न्यावे

दुकानात जाताना पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय? तो कोणत्या पिढीचा, कोणत्या साली आलेला? मोठे कोर किती आणि लहान किती? थ्रेड किती? रॅम किती आणि डिस्क एसएसडी आहे का? उत्तरे बिलावर लिहून मागावीत. बिलावर "आय-फाइव्ह लॅपटॉप" एवढेच लिहिलेले चालवून घेऊ नये, पूर्ण नंबर हवा.

तोंडी उत्तरावर विसंबण्याचेही कारण नाही. संगणक सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग सीपीयू निवडावे. तेथे प्रोसेसरचे पूर्ण नाव, खाली कोअर्सचा आकडा आणि लॉजिकल प्रोसेसर्सचा, म्हणजे थ्रेडचा आकडा दिसतो. जुना लॅपटॉप घेताना हे पाहिल्याशिवाय पैसे देऊच नयेत. बाहेर चिकटवलेले स्टिकर कोणीही बदलू शकतो.

वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी किंवा वाचनालयासाठी वर्गणीतून संगणक घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी तर हे आवर्जून करावे. दहा-दहा, वीस-वीस रुपये करून जमवलेल्या पैशांचा हिशेब चार लोकांना द्यायचा असतो. सगळेच संगणक एकसारखे घेण्याचीही गरज नाही. चार संगणक टायपिंग आणि अभ्यासासाठी साधे घ्यावेत आणि एक व्हिडिओ व चित्रकामासाठी जास्त कोरचा, म्हणजे तेवढ्याच वर्गणीत अधिक मुलांची सोय होते.

घरातल्या मुलीला किंवा मुलाला ही चिठ्ठी करायला सांगावी आणि दुकानात प्रश्नही त्यांनाच विचारू द्यावेत. आईवडिलांनी शेजारी उभे राहावे. प्रश्नाचे सरळ उत्तर देणाऱ्या दुकानात पैसे द्यावेत. जो दुकानदार नंबर सांगायला टाळाटाळ करतो त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानाची पायरी चढावी. पैसा आपला आहे, घाई त्याची आहे.